नऊ-सोळाचा खण

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची शिष्यवृत्ती परीक्षेच्या सरावाची वही घेऊन माझ्यासमोर बसली होती, आणि तिने चुकवलेल्या एका प्रश्नापाशी आम्ही दोघेही बराच वेळ अडकून राहिलो. प्रश्न साधा होता : ०.६४ या संख्येच्या सर्वांत जवळची संख्या कोणती? पर्याय चार होते : २/३, ०.६, ५/८ आणि ०.६६. तिने ०.६६ वर खूण केली होती. का, असे विचारल्यावर ती म्हणाली, “मामा, दोन्ही पॉइंटवाले आहेत ना.”

मला आधी हसू आले. मग लक्षात आले की तिने जे मोकळेपणाने सांगितले, तेच आपण मोठी माणसे न सांगता करत असतो. दशांशाला दशांश जवळचा वाटतो आणि अपूर्णांक परका वाटतो. आडनाव सारखे असले की माणसे भाऊबंद असणार असे धरून चालण्याची जी आपली सवय आहे, तीच आकड्यांच्या बाबतीतही चालते. वास्तविक ‘जवळ’ हा शब्द अंतराचा आहे, आणि अंतर मोजायचे तर दोघांना आधी एका पट्टीवर आणून उभे करावे लागते.

मी तिला पाचाला आठाने भागायला लावले. ०.६२५ आले. त्यासरशी दुसरी अडचण पुढे आली, कारण तिच्या नजरेला ६२५ हा आकडा ६४ पेक्षा केवढा तरी मोठा दिसत होता. ०.६४ च्या शेवटी एक शून्य लिहून त्याचे ०.६४० केल्यावर ती शांत झाली, आणि फरक तिने स्वतःच काढला : ५/८ पासून ०.०१५ आणि ०.६६ पासून ०.०२०. तरीही तिच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते. तेव्हा मी वहीच्या कडेला एक आडवी रेघ ओढली, डाव्या टोकाला ०.६२५ आणि उजव्या टोकाला ०.६६ लिहिले, आणि दोघांच्या बरोबर मध्यावर एक उभी रेघ मारून तिच्यावर ०.६४२५ हा आकडा टाकला. “ही खुंटी. आपली संख्या खुंटीच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच बघायचे.” ०.६४ अलीकडे होती, म्हणजे ५/८ च्या अंगणात.

ही खुंटी माझी नव्हे, दादांची. दादा म्हणजे माझे वडील. सांगली जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी त्यांचे हार्डवेअरचे दुकान होते. आता ते माझा धाकटा भाऊ चालवतो. गल्ल्यामागच्या भिंतीला सागवानी खणांची एक मांडणी आहे, आणि पान्यांच्या खणांवर तैलरंगाने लिहिलेले अपूर्णांक आजही स्वच्छ वाचता येतात : १/४, ५/१६, ३/८, ७/१६, १/२, ९/१६, ५/८, ३/४. माझ्या लहानपणी गिऱ्हाईक ‘तीन सुती’ किंवा ‘पाऊण इंची’ असेच बोलत येई. इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे गवंड्यापासून सुतारापर्यंत सगळ्यांना ठाऊक असे, आणि अर्ध्या सुताच्या पुढे सहसा कोणाला जावे लागत नसे. पुढे नवी यंत्रे आली, त्यांचे नट-बोल्ट मिलिमीटरमध्ये आले, आणि दुकानात दोन भाषा सुरू झाल्या. एक इंच म्हणजे नेमके २५.४ मिलिमीटर, हे एकदा कळले की भाषांतर अवघड नाही. पण भाषांतर झाल्यावर जो दशांश हाती येतो, त्या मापाची वस्तू बाजारात नसते. बाजारात आठ असतो, नऊ असतो, दहा असतो. मग प्रश्न उरतो तोच, जो भाचीच्या वहीत होता : सर्वांत जवळचा कोणता?

दादांचे गणित आण्या-पैशांत मुरलेले होते. ते पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी तोंडपाठ करून मोठे झाले होते, आणि त्यांच्या लेखी इंच म्हणजे एक रुपया होता. रुपयाचे आणे सोळा, आणि त्यांच्या पट्टीवर इंचाचे बारीक भागही सोळाच. त्यामुळे ९/१६ हा आकडा त्यांना कधी अपूर्णांक वाटलाच नाही. ते सरळ नऊ आणे होते. आठ आण्यांचे १२.७ मिलिमीटर, वरच्या एका आण्याचे १.५८७५, मिळून १४.२८७५. एवढे करायला त्यांना कागद लागत नसे. मला मात्र शाळेत आधी छेद, मग भागाकार, मग गुणाकार असा लांबचा रस्ता शिकवलेला होता, आणि त्या रस्त्याने मी पोचेपर्यंत गिऱ्हाईक सुट्टे पैसे मोजून मोकळे झालेले असे.

त्यांच्या त्या खुंटीचा उगमही आण्यातच होता. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नये पैसे झाले तेव्हा दादा अकरा वर्षांचे होते. जुनी नाणी आणि नवी नाणी काही काळ बरोबरच चालत होती, म्हणून एका नाण्याच्या बदल्यात दुसरी किती द्यायची याचे कोष्टक ठरलेले होते. शंभराला सोळाने भागले की सव्वासहा येतात. पण पाव नया पैसा नावाची वस्तू अस्तित्वात नव्हती. म्हणून एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस असे पैसे धरले गेले. एका आण्याचे सव्वासहा हे सहाला जवळ, तीन आण्यांचे पावणेएकोणीस हे एकोणिसाला जवळ. इथवर कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. खरी गंमत दोन आण्यांची आहे. साडेबारा ही संख्या बारा आणि तेरा यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे खुद्द खुंटीवरच बसलेली आहे. तिला जवळचे असे कोणीच नाही, किंवा दोघेही सारखेच जवळचे आहेत. तिथे गणित थांबते आणि नियम सुरू होतो, आणि नियम असा होता की अर्धा उरला तर तो सोडून द्यायचा. सहा आण्यांचे सदतीस, दहा आण्यांचे बासष्ट आणि चौदा आण्यांचे सत्त्याऐंशी हे त्याच नियमाने आले.

अकरा वर्षांच्या दादांनी यातली मेख फार लवकर ओळखली होती. दोन आण्यांचे नाणे म्हणजे चवली, आणि चार आण्यांचे म्हणजे पावली. एक पावली दिली तर पंचवीस नये पैसे मिळत. दोन चवल्या वेगवेगळ्या मोडल्या तर बारा आणि बारा, म्हणजे चोवीस. आजीने त्यांना दोन चवल्या देऊन दुकानात पाठवले की ते आधी शेजारच्या वाण्याकडून त्यांची पावली करून घेत आणि मगच पुढे जात. एका नया पैशासाठी केलेला हा खटाटोप ते म्हातारपणीही अभिमानाने सांगत. मला त्यात आज वेगळीच गोष्ट दिसते. प्रत्येक संख्या आपापल्या जागी सर्वांत जवळच्या पैशात बदलली, तरी त्यांची बेरीज बेरजेच्या सर्वांत जवळ असेलच असे नाही. प्रत्येक पायरीवर सोडलेला तो अर्धा पैसा कुठे नाहीसा होत नाही. तो फक्त कोणाच्या तरी खिशातून कोणाच्या तरी खिशात जातो. ‘सोळा आणे खरे’ हा शब्दप्रयोग आपल्याकडे अजून टिकून आहे, पण ते सोळा आणे एकेक करून मोडले असते तर शहाण्णवच पैसे हाती आले असते.

दहावीच्या सुट्टीत मी गल्ल्यावर बसू लागलो तेव्हा उत्साहाच्या भरात मी एक काम केले. प्रत्येक खणावरच्या अपूर्णांकाखाली कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सर्वांत जवळचे मिलिमीटर लिहून काढले. ५/१६ म्हणजे ७.९३७५, खाली ८. ३/४ म्हणजे १९.०५, खाली १९. ७/१६ खाली ११, ५/८ खाली १६. या जोड्या जवळजवळ सख्ख्या आहेत. पान्याच्या तोंडाला मुळातच जी थोडी सूट ठेवलेली असते, तीत असले फरक जिरून जातात. १/२ खाली १३ लिहिताना हात थोडा अडखळला, कारण १२.७ आणि १३ यांच्यात तीन दशांशाचे अंतर आहे. ३/८ ची तर परीक्षाच होती : ९.५२५, आणि नऊ व दहा यांच्यामधली खुंटी ९.५ वर. म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही कमी अंतराने ते माप दहाच्या बाजूला पडलेले. आणि ९/१६ खाली मी मोठ्या विश्वासाने १४ लिहिले, कारण १४.२८७५ ही संख्या साडेचौदाच्या बरीच अलीकडे होती.

(इथे जाणकार वाचक मला अडवतील, म्हणून सांगून टाकतो की व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापपद्धतीच्या पान्यावरचा आकडा हा बोल्टच्या जाडीचा असतो, पान्याच्या तोंडाचा नव्हे, त्या पान्यांचे खण वेगळे होते आणि त्यांना हात लावण्याइतका मी उत्साही नव्हतो.)

पुढच्याच आठवड्यात गुऱ्हाळ चालवणारे एक गृहस्थ आले आणि त्यांनी नऊ-सोळाचा पाना मागितला. खण रिकामा होता. मी पट्टी पाहिली, चौदाचा पाना काढून दिला, आणि वर त्यांना समजावून सांगितले की फरक अवघा पाव मिलिमीटरचा आहे, काळजीचे कारण नाही. तासाभरात ते परत आले. पाना बोल्टच्या डोक्यावर चढतच नव्हता. घाण्याच्या त्या बोल्टावर रंगाचे आणि गंजाचे थर होते, ते खरडूनही त्यांनी पाहिले होते. “पोरा, हिशेब तुझा बरोबर आसंल, पन बोल्टाला कुठं ठावं हाय त्यो?” असे म्हणून त्यांनी पाना गल्ल्यावर ठेवला. ते रागावले नव्हते, हेच मला जास्त लागले.

दादांनी त्यांचे पैसे परत दिले, आणि ते गेल्यावर मला बोलावून घेतले. मला वाटले होते की हिशेब चुकला असे ते म्हणतील. पण ते म्हणाले, “चौदा जवळ आहे, पण तो अलीकडचा जवळ आहे. पान्याला अलीकडचा चालत नाही.” बोल्टचे डोके पान्याच्या तोंडात शिरावे लागते, तोंड लहान असेल तर अंतर पाव मिलिमीटरचे असो की पाव इंचाचे, परिणाम एकच. मग पंधराचा द्यायचा का, असे मी विचारले. “पंधराचा चढला असता आणि त्याने बोल्टाचे कोपरे मारले असते. मग तो बोल्ट कोणत्याच पान्याने निघाला नसता.” म्हणजे चौदा बसत नाही आणि पंधरा टिकत नाही. त्या प्रश्नाला दुकानात उत्तरच नव्हते. ते सांगलीहून मागवावे लागणार होते.

शाळेच्या गणितात अंतराला बाजू नसते. ०.६४ पासून ०.०१५ खाली असलेली संख्या आणि ०.०१५ वर असलेली संख्या या दोन्ही सारख्याच जवळच्या. दुकानात मात्र जवळपास प्रत्येक वस्तूला एक चालणारी आणि एक न चालणारी बाजू होती. लाकडात स्क्रूसाठी पाडायचे भोक अलीकडचे हवे, बोल्टसाठी पाडायचे पलीकडचे. बैलगाडीच्या चाकावर चढवायची लोखंडी धाव तर लोहार मुद्दाम चाकापेक्षा लहान करतो, ती तापवून फुगवतो आणि चाकावर घालून पाणी मारतो. ती नेमकी चाकाएवढी झाली तर तिचा काहीच उपयोग नाही.

बांधकामाच्या सळ्यांची गोष्ट याहून जरा गंभीर आहे, आणि ती अजूनही रोज घडते. गवंडी ‘चार सुती’ म्हणतो आणि दुकानदार १२ मिलिमीटरची सळी देतो. चार सूत म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७. खुंटीचा न्याय लावला तर जवळचा आकडा तेरा. पण तेराची सळी बाजारात प्रचलित नाही, बारानंतर एकदम सोळा येते, आणि त्या दोघांत बारा जवळची यात शंका नाही. व्यासात फरक साडेपाच टक्क्यांचा. पण वजन सळीच्या व्यासावर नव्हे, छेदाच्या क्षेत्रफळावर तोलले जाते, आणि १२ भागिले १२.७ याचा वर्ग केला तर सुमारे ०.८९ येतो. म्हणजे नावाने चार सुती असलेल्या सळीत जवळजवळ अकरा टक्के लोखंड कमी. उलट तीन सुती म्हणून दिलेली १० मिलिमीटरची सळी खऱ्या तीन सुतांहून जाड असते, आणि तीत लोखंड सुमारे दहा टक्के जास्त भरते. पाच सुती आणि सोळा मिलिमीटर यांचे मात्र छान जुळते, कारण पाच सूत म्हणजे १५.८७५. अभियंत्याच्या नकाशात आकडे मिलिमीटरमध्येच असतात, म्हणून इमारती उभ्या राहतात. पण जिथे घर नकाशाविना, नुसत्या बोलण्यावर बांधले जाते, तिथे सूत हे माप राहिलेले नसून नाव झालेले आहे. सराफ तोळ्याचा भाव दहा ग्रॅमवर सांगतो, मूळचा तोळा ११.६६ ग्रॅमचा असला तरी. तशातलाच हा प्रकार.

अपूर्णांक म्हणजे अडाणी आणि दशांश म्हणजे शास्त्रीय, हा माझा समज ज्या आकड्याने कायमचा घालवला, तो मात्र दुकानातला नव्हता. शाळेत वर्तुळाच्या परिघासाठी ‘पाय’ची किंमत २२/७ घ्या किंवा ३.१४ घ्या असे सांगत, आणि मला खात्री होती की २२/७ ही गावठी सोय आहे व ३.१४ ही खरी किंमत. भाचीने ०.६६ निवडताना जे केले, तेच मी वर्षानुवर्षे करत होतो. प्रत्यक्षात ‘पाय’ची किंमत ३.१४१५९२६… अशी न संपणारी आहे, तर २२/७ म्हणजे ३.१४२८५७…. आता खुंटी ठोकून पाहावी. ३.१४ आणि २२/७ यांच्या बरोबर मध्ये ३.१४१४२८… येते, आणि ‘पाय’ तिच्या पलीकडे, म्हणजे २२/७ च्या बाजूला आहे. फरकच काढायचा तर ३.१४ हा ०.००१५९ ने कमी पडतो आणि २२/७ हा ०.००१२६ ने जास्त भरतो. गावठी अपूर्णांक शास्त्रीय दिसणाऱ्या दशांशापेक्षा जवळचा निघाला!

दादा पत्र्याच्या कोठीला पट्टी कापून देताना नेहमी २२/७ च वापरत. त्याचे एक कारण तोंडी हिशेबाचे होते : चौदा इंच व्यासाला चव्वेचाळीस इंच, एकवीस इंचाला सहासष्ट. दुसरे कारण बाजूचे होते. मीटरभर व्यासाच्या कोठीला ३.१४ ने काढलेली पट्टी दीड मिलिमीटरने आखूड पडेल, आणि २२/७ ने काढलेली सव्वा मिलिमीटरने लांब होईल. लांब पट्टी कापता येते. जोडासाठी पत्रा वर चढवायला तसाही इंचभर ठेवावा लागतो, तेव्हा एवढ्याशा फरकाने व्यवहारात काही बिघडत नसे, हे मी मान्य करतो. पण हात कोणत्या बाजूला चुकलेला बरा, हे त्यांच्या हाताला ठाऊक होते. २२/७ पलीकडेच पडतो ही गोष्ट आर्किमिडीजने सिद्ध करून ठेवलेली आहे : परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांशापेक्षा मोठे आणि तीन पूर्णांक एक सप्तमांशापेक्षा लहान असते, असे त्याने दाखवले.

आपल्याकडे आर्यभटाने वीस हजार व्यासाच्या वर्तुळाचा परीघ ६२,८३२ सांगितला, म्हणजे ३.१४१६, आणि त्याच श्लोकात त्याने त्या परिघाला ‘आसन्न’ असे विशेषण लावले. आसन्न म्हणजे जवळ येऊन बसलेला. एवढे नेमके उत्तर हाती असताना ते खुद्द उत्तर नसून त्याच्या शेजारचे आहे, हे सांगायला तो विसरला नाही. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात ‘लीलावती’त दोन्ही किमती दिल्या : ३९२७/१२५० ही सूक्ष्म, आणि २२/७ ही व्यवहारासाठी स्थूल. पाचव्या शतकात चीनमध्ये त्सू छुंग-चीने ३५५/११३ हा अपूर्णांक दिला, तो तर सहा दशांश स्थळांपर्यंत तंतोतंत जुळतो. छेद फक्त एकशेतेरा, आणि तरी एवढा जवळ! तीन दशांश स्थळांचा कोणताही आकडा घ्या, त्याचा छेद हजारापर्यंत जात असूनही तो याच्या आसपास फिरकत नाही. छेद दहाचाच, शंभराचाच किंवा हजाराचाच हवा, असा दशांशाचा हट्ट असतो. अपूर्णांक आपल्याला सोयीचा छेद निवडून हव्या त्या जागी जाऊन उभा राहतो.

भाचीला यातले किती पटले, हे मला सांगता येणार नाही. आर्यभटापाशी आलो तेव्हा तिने जांभई दिली होती. पण दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर दुकानात आली आणि मांडणीसमोर उभी राहून खणांवरचे आकडे वाचू लागली. माझ्या त्या पट्ट्या अजून तिथे आहेत, पिवळ्या पडलेल्या. ५/१६ खाली ८, ३/८ खाली १०. फक्त ९/१६ खाली पट्टी कोरी आहे. त्या गुऱ्हाळवाल्या गृहस्थांच्या प्रसंगानंतर दादांनी माझा १४ काढून टाकला होता आणि त्याच्या जागी कोरा कागद चिकटवला होता. दुसरा आकडा त्यांनी लिहिला नाही, आणि त्यांच्यामागे भावानेही लिहिला नाही.

“इथं काय लिहायचं?” तिने विचारले. मी खणातला पाना काढून तिच्या हातात दिला, आणि भावाचे व्हर्निअर कसे धरायचे ते दाखवले. पान्याच्या तोंडात जबडे सरकवून तिने दोनदा वाचले, आणि ते चौदा पूर्णांक तीन ते चार दशांशांच्या दरम्यान कुठेतरी येते आहे, असे सांगितले. तिने पेन्सिल मागितली. मी दिली नाही. खुंटी कुठे, एवढेच विचारले.

“साडेचौदावर,” ती म्हणाली. “पण चौदाचा पाना चढणार नाही ना?” आणि उत्तराची वाट न पाहता तिने पाना आत ठेवून खण ढकलून दिला.